मोठ्या टर्बोचा हट्ट

"टर्बो बदलायचाच आहे ना, मग एकदाच मोठा घाल. थोडक्यावर थांबून काय मिळणार?" रोटरी इंजिनाची गाडी बाळगणाऱ्या तरुणांना हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि इतक्या खात्रीने दिला जातो की ऐकणाऱ्याला शंका घ्यायलाही संकोच वाटावा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. माझदा आरएक्स-७ सारख्या गाडीचा टर्बो बदलायचा असेल तर तो थोडाच मोठा घ्यावा, कारखान्याने ठरवलेल्या दाबाच्या आसपासच चालवावा, आणि वाचलेला पैसा हवा थंड करण्यावर आणि पेट्रोल पुरेसं पोहोचवण्यावर घालावा. हे भीतीपोटी म्हणत नाही. इंजिनाची रचना आणि आकडे दोन्ही तेच सांगतात, आणि ते आकडे पुढे मांडणार आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरचा जपानी स्पोर्ट्स गाडीशी संबंध काय, असं कुणी विचारील. आमच्याकडे माझदा हे नाव माहीत आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबस आणि ट्रकमुळे. आरएक्स-७ माझदाने भारतात कधीच विकली नाही. इथे ज्या मोजक्या आहेत त्या खासगीरीत्या आणलेल्या. पण आमच्या भागातली मुलं हैदराबादला गेली, पुण्याला गेली, तिथून काही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पोहोचली. त्या देशांत उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या जुन्या जपानी गाड्या नोकरदार माणसाच्या आवाक्यात येतात. मग एखाद्या रात्री फोन येतो: "काका, आरएक्स-७ घेतली. टर्बो कोणता घालू? गावाकडच्या मिस्त्रीला विचारून बघा ना." आणि गावाकडचा मिस्त्री मनापासून सांगतो, मोठा घाल. या प्रेमाच्या सल्ल्यालाच माझा विरोध आहे, कारण तो ज्या अनुभवातून येतो तो या इंजिनाला लागू पडत नाही.

तो अनुभव डिझेलचा आहे. बाजारहत्नूर, बोथ, इच्चोडा, गुडीहत्नूर या पट्ट्यात टर्बो म्हणजे पिकअपचा, ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा टर्बो. कापसाच्या हंगामात गाडी ओढत नाही म्हणून पंप वाढवून घेणारे लोक इथे जागोजागी भेटतात. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्तच असते, ताकद किती द्यायची हे फक्त डिझेलच्या मात्रेवर ठरतं. म्हणून पंप वाढवला की काळा धूर निघतो आणि इंजिन तापतं. उलट टर्बोने हवा वाढवली की धूर कमी होतो, ज्वलन सुधारतं, आणि बाहेर पडणारा वायू थंडावतो. जास्त हवेने डिझेलचं सहसा बिघडत नाही, हे मिस्त्रीचं म्हणणं डिझेलपुरतं खरं आहे. मी त्याच्या हातच्या कामाचा आदर करतो.

पेट्रोलचा न्याय वेगळा. तिथे हवा आणि इंधन यांचं प्रमाण ठरलेलं असतं. दाबाखाली चालणाऱ्या रोटरीत ते साधारण एका किलो पेट्रोलला ११ किलो हवा असं मुद्दाम गडद ठेवतात, कारण जादाचं पेट्रोल आतली उष्णता कमी करतं. हवा वाढली आणि त्या बरोबरीने पेट्रोल पोहोचलं नाही तर मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं आपोआप, धक्क्याने पेटणं, सुरू होतं. डिझेलवर ज्या गोष्टीने इंजिन वाचतं, त्याच गोष्टीने इथे इंजिन जातं. डिझेलवरची समजूत तशीच उचलून या इंजिनावर ठेवणं ही या सल्ल्यातली पहिली चूक आहे, आणि बाकीच्या चुका तिच्यातूनच निघतात.

आता हे इंजिन नेमकं काय आहे ते पाहू. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची कल्पना, एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं इंजिन चाललं, आणि माझदाने १९६१ मध्ये परवाना घेऊन केनिची यामामोतो यांच्या हाती ४७ अभियंत्यांची तुकडी दिली. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीत, म्हणजे १९९१ ते २००२ च्या एफडीमध्ये, १३बी-आरईडब्ल्यू हे इंजिन आहे. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घन सेंटीमीटर, एकूण १३०८. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. तिकोनी रोटर मुख्य शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो, त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा हवा ओढतो. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनाला तेवढीच हवा ओढायला दोन फेरे लागतात. म्हणून हे दिसायला १.३ लिटरचं इंजिन हवा मात्र २.६ लिटरच्या इंजिनाइतकी खातं. टर्बो निवडताना हा आकडा विसरून चालत नाही.

ज्वलनाची जागा लांब, चपटी आणि सतत सरकणारी असते. ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत जागाच पुढे गेलेली असते, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग लागतात. चपट्या जागेला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता धातूत जास्त मुरते. बाहेर जाणारा वायू पिस्टन इंजिनापेक्षा बराच गरम असतो, आणि एक्झॉस्टचं तोंड एकदम उघडत असल्याने तो धक्क्याने बाहेर पडतो. टर्बोच्या चाकाला हा धक्का आवडतो. मोठ्या टर्बोचे कैवारी इथेच बोट ठेवतात: रोटरीचा एक्झॉस्ट एवढा जोरकस आहे की तो मोठं चाकही सहज फिरवील. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण चाक फिरेल की नाही एवढ्यावर टर्बोची निवड होत नाही. चाक फिरल्यावर आत जाणारी हवा इंजिनाला सोसेल का, हे पाहावं लागतं.

सोसणं न सोसणं ठरतं ते रोटरच्या तीन कोपऱ्यांवर बसवलेल्या पट्ट्यांवर. अॅपेक्स सील म्हणतात त्यांना. दोन रोटरला मिळून सहा. एफडीत त्यांची जाडी फक्त २ मिलिमीटर. या सहा पट्ट्यांनीच तीन कप्पे एकमेकांपासून वेगळे ठेवायचे, गरम भिंतीवर सतत घासत राहायचं आणि ज्वलनाचा दाब पाठीवर घ्यायचा. रोटरीचा सगळा इतिहास या पट्ट्यांचा इतिहास आहे. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत रोटरच्या घराच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखड्यांच्या लाटा उठत, त्यांना त्या लोकांनी सैतानाच्या नखांच्या खुणा असं नाव दिलं होतं. कॉस्मोसाठी अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या काढल्या तेव्हा कुठे प्रश्न सुटला. एनएसयूच्या आरओ ८० ला युरोपात १९६८ ची सर्वोत्तम गाडी म्हणून मान मिळाला आणि त्याच गाडीच्या पट्ट्या झिजून इंजिनं वॉरंटीत परत येऊ लागली. १९६९ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

मराठी मुलखालाही हा धडा ठाऊक आहे. तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई यांच्यासोबत 'निशांत' या मानवरहित विमानासाठी वांकेल इंजिन तयार केलं. २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ ते विमान या इंजिनावर उडालं. एका रोटरचं, सुमारे ३० किलो वजनाचं आणि ५५ अश्वशक्तीचं इंजिन. इंजिनाचा गाभा एनएएलने केला, इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था व्हीआरडीईने. त्या गाभ्यातलं खास काम म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप. ज्यांनी हे इंजिन शून्यातून उभं केलं, त्यांची कसोटी कुठे लागली? घासणाऱ्या पृष्ठभागावर, आणि इंधन व ठिणगी वेळेवर देण्यावर. टर्बोचा कॅटलॉग चाळणाऱ्या तरुणाने ही गोष्ट आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं.

नॉकिंग झालं की पिस्टन इंजिन निदान आवाज करून सांगतं, काही काळ सहनही करतं. रोटरीत तशी सवड फार क्वचित मिळते. पट्टीचा कोपरा तुटतो, तुकडा एक्झॉस्टच्या तोंडातून बाहेर पडतो आणि थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. म्हणजे नवा आणलेला टर्बोही त्याच क्षणी जातो. इंजिन पूर्ण खोलायचं, भिंतीवर चर पडला असेल तर रोटरचं घरच बदलायचं. मोठ्या टर्बोवर पैसे वाचवल्याचा जो हिशेब मांडला जातो त्यात हा खर्च कुणी धरत नाही.

आता आकडे. ढोबळ हिशेब आहे, पण दिशा पक्की आहे. हवा दाबली की तापते, आणि कंप्रेसर जितका कमी कार्यक्षम तितकी जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. तेवढंच तापमान धरू. ०.७ बार दाब, म्हणजे एफडीचा कारखान्यातला दाब. कंप्रेसर ७० टक्के कार्यक्षम असेल तर हवा सुमारे ११८ अंशांवर बाहेर पडते. तोच कंप्रेसर आपल्या सोयीच्या पट्ट्याबाहेर, ६० टक्क्यांवर, फरफटत असेल तर १३१. आणि त्याच थकलेल्या कंप्रेसरकडून १ बार मागितला तर १६०. चांगला इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढून टाकतो, तरी पहिल्या बाबतीत साधारण ६६ आणि शेवटच्या बाबतीत ७९ अंशांची हवा इंजिनात शिरते. दाब ०.७ वरून १ बारला नेला तर इंजिनात शिरणाऱ्या हवेचा एकूण दाब सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, पण हवेचं वजन वाढतं जेमतेम १३ टक्के. बाकीचं उष्णतेत गेलं, आणि ती उष्णता नॉकिंगच्या कामी आली.

थोड्या मोठ्या टर्बोचं खरं मोल इथे आहे. दाब वाढवण्यासाठी तो घ्यायचा नाही. तोच दाब कमी तापलेल्या हवेने द्यायचा आणि टर्बाइनच्या बाजूला एक्झॉस्टचा कोंडमारा कमी करायचा, यासाठी घ्यायचा. कोंडमारा झाला की जळलेला गरम वायू कप्प्यात मागे राहतो आणि पुढच्या ताज्या मिश्रणाला तापवतो. म्हणून रोटरीत कंप्रेसरच्या चाकापेक्षा टर्बाइनचं तोंड जरा मोकळं असणं जास्त महत्त्वाचं. हे दोन्ही फायदे दाब न वाढवता मिळतात. मोठ्या टर्बोचे कैवारी दाब या एकाच काट्याकडे बघतात, म्हणून त्यांना हे फायदे दिसत नाहीत.

त्यांच्याकडचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, मोठा टर्बो घे आणि कमी दाबावर चालव. मोठा कंप्रेसर निवांत चालेल, हवा थंड राहील, आणि उद्या वाटलंच तर दाब वाढवता येईल. ऐकायला बिनतोड वाटतं. पण मोठा कंप्रेसर कमी प्रवाहावर निवांत नसतो. प्रत्येक कंप्रेसरचा एक नकाशा असतो. कमी प्रवाह आणि बऱ्यापैकी दाब अशा डाव्या कडेला गेलं की हवा पात्यांवरून सुटून मागे ढकलली जाते, त्याला सर्ज म्हणतात. ३००० ते ४५०० फेऱ्यांच्या दरम्यान, जिथे रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ असते, तिथेच मोठ्या चाकाचा हा पट्टा येऊ शकतो. दुसरं, चाक जड. एकाच घडणीच्या दोन चाकांत व्यास २० टक्क्यांनी वाढला की हवा वाहण्याची जागा ४४ टक्के वाढते, पण फिरवायचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने चढतं, म्हणजे जवळजवळ अडीचपट होतं. १० टक्के वाढीला तेच जडत्व सुमारे १.६ पट. थोड्या वाढीत आणि मोठ्या वाढीत केवढं अंतर आहे ते इथे दिसतं. पायाखाली पेडल दाबल्यावर टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ या जडत्वातून येतो, आणि एक्झॉस्ट कितीही जोरकस असला तरी पाचवा घात पुसला जात नाही.

तिसरं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. दाब म्हणजे हवेचं वजन नव्हे. काटा ०.७ दाखवत असला तरी मोठा टर्बो त्याच ०.७ वर जास्त हवा आत घालतो, कारण हवा थंड आणि बाहेरची वाट मोकळी. जुन्या ईसीयूला, म्हणजे इंधन ठरवणाऱ्या संगणकाला, दाब तोच दिसतो, तो पेट्रोल जुन्याच मापाने देतो. "मी तर दाब वाढवलाच नाही" असं म्हणत म्हणत लोकांची इंजिनं जातात ती अशी. थोड्या मोठ्या टर्बोतही हे होतंच, पण तिथली वाढ इंजेक्टर आणि ट्यूनिंगच्या आवाक्यात राहते. आणि "उद्या वाढवू" हे तर या वादातलं सर्वांत धोकादायक वाक्य. मोठा टर्बो घरात आला की तो उद्या फार लांब राहत नाही.

इंधनाचा हिशेब करून बघा. १३०८ घन सेंटीमीटर, ७००० फेरे, ०.७ बार, ६६ अंश: मिनिटाला साधारण १६ किलो हवा. अकराच्या प्रमाणाने पेट्रोल लागतं मिनिटाला जवळजवळ २ लिटर. एफडीचे इंजेक्टर दोन ५५० सीसीचे आणि दोन ८५० सीसीचे, सगळे सतत उघडे ठेवले तर मिनिटाला २.८ लिटर. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवणं धोक्याचं. ८५ टक्क्यांवर थांबायचं म्हटलं तर २.४ लिटर हाती राहतं. १ बार दाबाला लागतात सुमारे २.२ लिटर. म्हणजे दाबात फक्त ०.३ बार वाढ, आणि हाताशी उरलेला राखीव वाटा निम्म्यावर आला. त्यात जुना पंप, जुना फिल्टर, तीस वर्षांचं वायरिंग. मोठ्या टर्बोवर १.२-१.३ बार चालवा म्हणणाऱ्याने आधी एवढं पेट्रोल कुठून येणार ते सांगावं.

भारतात ठेवलेल्या गाडीला आणखी एक गाठ आहे. जपानमधली एफडी तिथल्या हाय-ऑक्टेन पेट्रोलवर चालण्यासाठी बांधलेली. आपल्याकडे बीएस-६ पेट्रोलला ऑक्टेनची किमान अट ९१ होती. आता २० टक्के इथेनॉलच्या ई२० ला ती ९५ आहे. नॉकिंगच्या दृष्टीने ही सुधारणाच. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० साधारण ७ टक्के जास्त ओतावं लागतं. १ बारचे २.२ लिटर मग २.३५ होतात, आणि वरची मर्यादा २.४ होती. शिवाय नव्वदच्या दशकातले रबरी पाईप आणि सील इथेनॉलसाठी केलेले नव्हते. ज्याची गाडी हैदराबादेत किंवा पुण्यात आहे त्याने टर्बोच्या आधी इंधनाची ओळ बदलावी.

ताकदीचा पुरावा म्हणून ल माँचं नाव हमखास निघतं. १९९१ च्या चोवीस तासांच्या शर्यतीत ५५ क्रमांकाची माझदा ७८७बी पहिली आली, रोटरीने ती शर्यत जिंकली, मग रोटरीला काय सोसणार नाही? त्या विजयाचा मला अभिमान वाटतो. पण त्या गाडीच्या आर२६बी इंजिनावर टर्बो नव्हताच. चार रोटर, प्रत्येक रोटरला तीन प्लग, हवा आत घेणाऱ्या नळ्यांची लांबी वेगाप्रमाणे बदलणारी यंत्रणा, आणि सुमारे ७०० अश्वशक्ती. ज्वलन पूर्ण कसं होईल आणि हवा नैसर्गिकपणे कशी भरेल, यावर ते लोक खपले. मोठ्या टर्बोच्या बाजूने हा दाखला देता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकालाही लोक आहेत. रोटरी नाजूक आहे, तिला टर्बो शोभतच नाही, असं ते म्हणतात. त्यांचंही मला पटत नाही. माझदाने १९८२ मध्ये १२ए हे टर्बोवालं इंजिन आणलं आणि २००२ पर्यंत टर्बोवाल्या रोटरी गाड्या विकल्या. मात्र ती कंपनी स्वतः कशी पुढे गेली ते पाहण्यासारखं आहे. एफसी या दुसऱ्या पिढीत जपानी बाजारात १८५ अश्वशक्ती होती, १९८९ च्या सुधारणेत ती २०५ झाली: टर्बोला एक्झॉस्टच्या दोन स्वतंत्र वाटा दिल्या, रोटर हलके केले. एफडी २५५ वर सुरू झाली, १९९६ मध्ये २६५ आणि १९९९ मध्ये २८० वर पोहोचली. शेवटच्या टप्प्यात टर्बोच्या आतली कार्यक्षमता सुधारली आणि पुढच्या बंपरची तोंडं मोठी करून रेडिएटर व इंटरकूलरला जास्त हवा दिली. २८० हा आकडा जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेल्या मर्यादेमुळे होता, हे खरं, आणि प्रतिपक्ष ते लगेच सांगेल. पण माझा मुद्दा आकड्याचा नाही, रस्त्याचा आहे. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांनी ताकद वाढवताना टर्बो थोडा सुधारला आणि थंडावा वाढवला. आपल्याला त्याच रस्त्याने दोन पावलं पुढे जायचं आहे.

एफडीत कारखान्याचे दोन टर्बो क्रमाने चालतात: पहिला एकटा, मग साधारण ४५०० फेऱ्यांना दुसरा त्याच्या जोडीला. यासाठी नळ्या आणि सोलेनॉइडचं मोठं जाळं लागतं, आणि जुन्या गाडीत ते रबर कडक होऊन फुटतं. एकच मोठा टर्बो घालून हे जंजाळ काढून टाका, असं म्हणणारे इथे अर्धे बरोबर आहेत. जाळं त्रासदायक आहेच. पण त्याचं उत्तर नव्या सिलिकॉनच्या नळ्या आणि तपासलेले सोलेनॉइड हे आहे. खालच्या फेऱ्यांना मिळणारी तत्परता फेकून देणं हे नाही. जोडी शाबूत असेल तर त्याच घरात किंचित मोठी, चांगल्या घडणीची चाकं बसवून घेता येतात. एफसीत तर टर्बो एकच, तिथे जुन्याच घराला आतून कापून थोडं मोठं चाक बसवणं हा सर्वांत सरळ मार्ग. जोडी पूर्ण गेली असेल आणि एकच टर्बो घालायचा असेल, तरी ३०० ते ३५० अश्वशक्तीला पुरेसा, बॉल बेअरिंगचा, मध्यम आकाराचा घ्यावा. ५०० चा घेऊन ३०० वर चालवू नये.

मोकळा सायलेन्सर लावण्याआधी वेस्टगेट, म्हणजे जादाचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारं दार, बघावं. कारखान्याचं वेस्टगेट कोंडलेल्या एक्झॉस्टच्या मापाचं आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून वाट मोकळी केली की जास्तीचा वायू त्या छोट्या छिद्रातून पुरेसा निघत नाही आणि दाब आपोआप चढत जातो, चालवणाऱ्याने काही केलेलं नसताना. टर्बो कापायला जातच असेल तर वेस्टगेटचं तोंडही त्याच वेळी मोठं करून घ्यावं.

रस्त्याचाही विचार करा. निर्मळजवळचा महबूब घाट असो, किंवा न्यूझीलंडमधला डोंगरी रस्ता, वळणातून बाहेर पडताना लागते ती पाय दाबताच येणारी, मोजता येणारी ताकद. मागच्या चाकांवर चालणारी, सुमारे १२५० ते १३०० किलोची ही गाडी आहे. वळणाच्या मध्यावर काहीच नसताना एक सेकंदाने एकदम ५०० अश्वशक्ती मागच्या टायरवर आली तर काय होईल, ते भोगायला सल्ला देणारा माणूस शेजारच्या सीटवर बसलेला नसतो. माझा राग खरं तर इथे आहे. ज्याला धोका घ्यायचा आहे त्याने जाणून घ्यावा. पण विशीतल्या मुलाला, जो परदेशात एकटा राहतो आणि ज्याने कर्ज काढून गाडी घेतली आहे, त्याला आकडे न दाखवता मोठ्या टर्बोकडे ढकलणं मला बेजबाबदार वाटतं.

कायद्याचंही बोलायला हवं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. टर्बो थोडाच मोठा आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. परिवहन कार्यालयात आधी विचारूनच हात घालावा.

"एवढं करून ३००-३२० च मिळणार?" असं विचारलं जाईल. हो, एवढंच मिळेल. मूळ २५५ किंवा २८० वरून ३२० पर्यंत जाणं ही या वजनाच्या गाडीत मोठी झेप आहे, आणि ती रोज, मे महिन्यातही, पंपावर मिळेल त्या चांगल्या पेट्रोलवर मिळाली पाहिजे. त्यासाठी कामाचा क्रम असा ठेवावा: आधी रोटरीसाठीच असलेल्या कॉम्प्रेशन टेस्टरने सहाही बाजू मोजून घ्याव्यात, कारण साधा टेस्टर तीन कप्प्यांचा वेगळा आकडा दाखवत नाही. एखादी बाजू कमी आली तर टर्बोचा विषय तिथेच थांबतो, आधी इंजिन. मग पंप, इंजेक्टर, नळ्या, थंड जातीचे प्लग, आणि मोठा इंटरकूलर. मग हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, रोटरी जाणणाऱ्या माणसाच्या हाताने ट्यून केलेला. दाब मर्यादेपेक्षा चढला तर पेट्रोल तोडणारी सोय त्यात चालू असावी. टर्बो या सगळ्यानंतर, ०.८ बारच्या आत.

ज्यांना अजूनही मोठाच टर्बो योग्य वाटतो, त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. पुढच्या वेळी कुणा मुलाला तो सुचवताना त्या दाबाला मिनिटाला लागणारं पेट्रोल, इंजेक्टरची मर्यादा, आणि ४४ अंशांच्या दुपारी इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, हे तीन आकडे कागदावर लिहून द्यावेत. ते आकडे त्याच्या इंजिनात बसत असतील तर मी विरोध करणार नाही. आमच्याकडच्या ज्या मुलांनी फोन केला त्यांना मी सांगितलंय, हे तीन आकडे हातात येईपर्यंत ऑर्डर देऊ नका.